मंगल कार्यालयामागची आइस हॉकी

जळगावात आइस हॉकीची संघटना आहे हे मला कळलं तेव्हा मे महिना चालू होता. शाळेच्या स्टाफरूममधला कूलर नुसती गरम हवा फेकत होता. मी ओला रुमाल मानेवर ठेवून बसले होते आणि समोर एक गृहस्थ हातात मिठाईचा पुडा घेऊन उभे होते. संघटनेचे सेक्रेटरी. शहरात त्यांचं चषक, पदकं आणि सन्मानचिन्हांचं दुकान आहे, त्यामुळे स्पर्धा भरवणं हा त्यांचा छंदही आहे आणि धंदाही. तलवारबाजी, धनुर्विद्या, दोरीवरच्या उड्या, अशा अनेक संघटनांचे ते सेक्रेटरी आहेत. त्यातला एकही खेळ ते खेळलेले नाहीत.

"मॅडम, तुम्ही हॉकी खेळलेल्या आहात," ते म्हणाले.

"धुळ्याला. कॉलेजात. मातीच्या मैदानावर."

"हॉकी ती हॉकी."

"सर, मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीवर."

ते मनापासून हसले. मुलींच्या निवड समितीत एक बाई असावीच लागते, असं वरून कळवलेलं होतं. त्यांना खेळ कळणारी व्यक्ती नको होती, साडी किंवा पंजाबी ड्रेस घातलेली व्यक्ती हवी होती, आणि गावात क्रीडाशिक्षिका तशा थोड्याच. माझं माहेर धुळ्याचं. माझी आई अशा वेळी अहिराणीत एकच वाक्य बोलायची, "बठ्ठा येडा शेतस," सगळे वेडे आहेत. मला ते आठवलं, पण मी हो म्हटलं. का म्हटलं ते नक्की सांगता येत नाही. बहुधा उत्सुकता. इतका मूर्खपणा जवळून बघायला मिळत असेल तर का सोडा?

चाचणीला आठवडा होता. तो आठवडा मी संध्याकाळी मोबाइलवर परदेशातले सामने बघत काढला, नियम वाचले, कोण कुठे उभं राहतं ते समजून घेतलं. हॉकी ती हॉकी, हे सेक्रेटरींचं म्हणणं साफ खोटं नव्हतं. चेंडूऐवजी काळी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. गोलच्या मागेही खेळता येतं. वेग भयंकर. पण गोलसमोरच्या जागेसाठी जी मारामार चालते ती मात्र माझ्या ओळखीची होती. तिथे उभं राहायला अंगात बळ लागतं आणि डोकं शांत लागतं. अशा खेळाडूला ते लोक पॉवर फॉरवर्ड म्हणतात. अंगाने पक झाकायचा, पाठीवर विरोधक घेऊन उभं राहायचं, कोणी ढकललं तरी जागा सोडायची नाही, आणि गोलकीपरकडून परत आलेला पक आत लोटायचा. दिसायला काही सुंदर नाही. पण सामने त्याच्यावर जिंकले जातात.

चाचणी एका मंगल कार्यालयाच्या मागे होती. मालकाने जेवणावळीसाठी केलेल्या गुळगुळीत फरशीच्या अंगणाला लोखंडी कठडा लावून स्केटिंग रिंक म्हणून जाहीर केलं होतं. बर्फ अर्थातच नव्हता. मुली चाकांच्या स्केटवर खेळणार, त्यातून राज्याच्या चाचणीसाठी संघ निवडणार, आणि खरा बर्फ पुढे कधीतरी बघू, अशी योजना. सकाळी लवकर सुरू करायचं ठरलं होतं. पण पाहुणे यायचे होते, नारळ फोडायचा होता, फ्लेक्सवर पेंग्विनचं चित्र होतं त्याच्यासमोर सगळ्यांचे फोटो काढायचे होते. खेळ सुरू झाला तेव्हा फरशी तापून हात लावता येत नव्हता.

समितीत आम्ही तिघं. सेक्रेटरी, कार्यालयाचे मालक आणि मी. मालकांची मुलगी चाचणी देत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या हातात गुणांचे तक्ते दिले. उंची, वजन, चपळाई आणि 'व्यक्तिमत्त्व'. व्यक्तिमत्त्वाला चपळाईइतकेच गुण. पक मारता येतो का, हा रकानाच नव्हता. मी तसं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "ते ओव्हरऑलमध्ये येईल, मॅडम."

एक मुलगी सगळ्यांच्या शेवटी आली. आजोबांच्या मोटारसायकलवर, जवळच्या असोदा गावाहून. दहावी झालेली, उंच, रुंद खांद्यांची, जाड म्हणता येईल अशी. तिच्या अंगावर शाळेचा जुना टी-शर्ट होता आणि पायात पुरुषी मापाचे स्केट, कारण तिच्या मापाचे मुलींचे मिळत नव्हते. जळगावच्या शाळेत ती बसने यायची आणि शाळेत स्केटिंगचा तास होता, तिथे शिकली होती. सराव मात्र घरी. त्यांच्या खळ्यात केळीचे घड गाडीत भरायला सिमेंटचा मोठा ओटा आहे, त्याच्यावर. हे मला नंतर कळलं.

"हिला कुणी आणलं?" मालक कुजबुजले. "ही तर कुस्तीची दिसते."

सेक्रेटरी हसले. त्यांनी तिच्या वजनाच्या रकान्यात काहीतरी खरडलं. अजून तिने एक पाऊल टाकलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. मालकांची मुलगी वेगात होती, हे मी नाकारत नाही. लांब वेणी उडवत ती कठड्याला दोन फेऱ्या मारायची, तिची आई टाळ्या वाजवायची आणि पक बिचारा दुसरीकडेच पडलेला असायचा. सेक्रेटरी दरवेळी म्हणायचे, "बघा, बघा! ही खरी पॉवर फॉरवर्ड!" हा शब्द त्यांना कुठूनतरी मिळाला होता आणि त्या दिवशी ते तो चहात साखर घालावी तसा प्रत्येक वाक्यात घालत होते.

असोद्याची मुलगी गोलसमोर जाऊन थांबली. नुसती थांबली. गुडघे वाकवलेले, काठी खाली टेकलेली, मान वर. तिच्या दिशेने पक आला की ती पाठ वळवून त्याच्यावर छत्रीसारखी उभी राहायची. दोन दोन मुली तिला मागून रेटत, तिच्या बगलेतून काठ्या घालत, आणि ती आपली अर्धी वीत इकडे, अर्धी वीत तिकडे. मग एकदम वळून काठीचा छोटा झटका. गोलकीपरच्या पायाला लागून पक परत आला, तर दुसरा झटका. आत. ती ओरडलीही नाही. परत मधल्या रेषेकडे हळूहळू गेली.

मी बसल्या जागी ताठ झाले. इतकी वर्षं मुलांना शिकवते आहे. पळणारी पोरं शेकड्याने बघितली. थांबणारं पोर फार क्वचित दिसतं.

तिच्यात उणिवाही भरपूर होत्या. सुरुवात संथ. डाव्या बाजूला वळताना तोल जायचा. पक घेऊन पळताना नजर खाली, त्यामुळे मोकळी असलेली सोबतीण तिला दिसायची नाही. सगळं मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत होते, कारण पुढच्या बाजूला जागा फक्त व्यक्तिमत्त्वाला होती.

तेवढ्यात मालकांची मुलगी कठड्याकडून भरधाव आली, गोलसमोर उभ्या असलेल्या तिच्यावर आदळली आणि उलटी पडली. कोपर खरचटलं. रडारड सुरू झाली. आई कठडा ओलांडून आत.

"केवढी धिप्पाड आहे ही! नाजूक मुलींमध्ये कशाला घेता असल्यांना?"

ती मुलगी खाली वाकून पडलेलीला हात देत होती. तिचा हात झटकला गेला.

सेक्रेटरींनी शिट्टी फुंकली आणि तिला बाहेर बसवलं. "रफ प्ले," ते मला म्हणाले. "मुलींच्या खेळात धक्का चालत नाही. नियम आहे."

"नियम मी वाचलाय," मी म्हटलं. "धक्का मारणं चालत नाही. तिने मारला कुठे? ती उभी होती. उद्या कुणी तुमच्या कठड्यावर आदळलं तर कठड्याला बाहेर बसवणार का?"

"मॅडम, पण इतकी जड मुलगी..."

"सकाळपासून पॉवर फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड चाललंय तुमचं. ती आली तर ओळखता येईना?"

मालक घड्याळ बघू लागले. त्यांच्याकडे संध्याकाळी लग्न होतं. सेक्रेटरींनी समजुतीचा सूर लावला, पुढच्या वर्षी बघू, वजन कमी करून येऊ दे, वगैरे. मी सांगितलं, ती संघात नसेल तर मी सही करणार नाही. माझ्या सहीला आयुष्यात पहिल्यांदाच काही किंमत आली होती, कारण दुसरी बाई आणायला त्यांना वेळ नव्हता. शेवटी तिला 'राखीव' म्हणून घेतलं. मालकांची मुलगी कर्णधार झाली.

निघताना आजोबा माझ्याकडे आले. धोतर-टोपीतले नव्हते ते, पँट-शर्ट, खिशात मोबाइल, वागायला एकदम मोकळे.

"बाई, खरं सांगा. मले त्यातलं काही कयत नाही. पोरीले येते का काही?"

"येतं, आबा. सगळं नाही येत. पण जे येतं ते शिकवून येत नाही."

"पन बरफ? आमच्याकडे बरफ फ्रीजात. त्याच्यावर कशी उभी राहीन ते?"

"ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. त्यांना हे उत्तर आवडलं असावं. ते हसले आणि नातीला मागे बसवून गेले.

राज्याची चाचणी एका मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये होती. मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाची छोटी रिंक, एका बाजूला प्लास्टिकची बर्फाची माणसं, दुसऱ्या बाजूला खाण्याचे स्टॉल. लोक पिझ्झा खात काचेतून आमच्या मुलींकडे बघत होते. वर मोठ्याने गाणी. सेक्रेटरी जाड जॅकेट आणि गॉगल घालून आले होते आणि मॉलमधल्या एसीत घामाघूम होऊन फिरत होते. राज्याच्या संघाची निवड अशा जागी होते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी थट्टा समजले असते.

आमच्या मुली बर्फावर उतरल्या आणि सगळ्या काचेला पालीसारख्या चिकटल्या. चाकांवर थांबायची रीत वेगळी, बर्फावर पातं आडवं करून खरवडत थांबावं लागतं. कर्णधाराला वेग होता, थांबता येत नव्हतं. ती एकदा सरळ जाऊन प्लास्टिकच्या माणसाला मिठी मारून थांबली. बाहेर लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं. असोद्याची पडली. उठली, पडली. इतक्यांदा पडली की मी मोजायचं सोडून दिलं. तिच्या पँटच्या गुडघ्यांना ओला काळा डाग पडला.

निवडायला लडाखकडची एक तरुण प्रशिक्षिका आली होती. स्वतः खेळलेली, बुटकी, काटक, नाकावर जुनी जखम. ती कुणाशी फोटो काढत नव्हती, म्हणून मला लगेच आवडली. सेक्रेटरी तिला जळगावच्या क्रीडा परंपरेविषयी सांगू लागले, तर ती "एक मिनट" म्हणून बर्फावर निघून गेली ती परत आलीच नाही.

बऱ्याच वेळाने तिने असोद्याच्या मुलीला गोलसमोर उभं केलं आणि आपल्या बरोबर आलेल्या दोन मुलींना म्हणाली, "हटाओ इसको." त्या पहाडी मुली बर्फावरच जन्मल्यासारख्या. त्यांनी खांदा लावला. आमची सरकली, वाकडी झाली, एक गुडघा टेकला, पण काठी पकवरून उचलली नाही. टेकलेल्या गुडघ्यावरून तिने पक मागे ओढला आणि आत ढकलला. पिझ्झावाल्यांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी निकाल सांगितला. जळगावची एकही मुलगी नाही. सेक्रेटरींनी राजकारण झाल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं. आमची मुलगी मात्र सरळ त्या प्रशिक्षिकेकडे गेली. मी मागे होते.

"मॅम, मेरे में क्या कम है?"

प्रशिक्षिकेने तिला नखशिखान्त न्याहाळलं. मला वाटलं, आता वजनाचं निघणार.

"पैर," ती म्हणाली. "पैर नहीं है अभी. बर्फ पे चलना सीखो. रुकना सीखो. सिर ऊपर. बाकी... जगह समझती हो तुम. वो मैं नहीं सिखा सकती किसी को. जनवरी में आओ मेरे पास. एक महीना."

परतीच्या गाडीत बाकीच्या मुली रडून झोपल्या. ही जागी होती, चिवडा खात होती, आणि चक्क खूश दिसत होती.

"निवड नाही झाली आणि हसतेस काय?" मी विचारलं.

"मॅडम, त्या खेळाबद्दल बोलल्या," ती म्हणाली. "सगळे माझ्याबद्दलच बोलतात."

मी तिच्या पुडीतला चिवडा घेतला.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी होती. जळगावच्या कन्यांची राज्य चाचणीत चमकदार कामगिरी. फोटोत सेक्रेटरी मध्यभागी, जॅकेट घालून.

जानेवारीत ती लडाखला गेली, आणि मीही बिनपगारी रजा काढून तिच्यासोबत गेले. संघटनेने हात वर केले. अधिकृत शिबिर नाही म्हणे, शिवाय तिथे फार थंडी असते. आइस हॉकीच्या संघटनेने थंडीची तक्रार करावी! आबांनी दोघींसाठी लोकरीच्या टोप्या आणि डब्यात भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दिलं. तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आम्ही दोघी धाप लागून अंथरुणात पडून होतो. त्या पिठाला कुणी हात लावला नाही.

मग ती गोठलेल्या तळ्यावर उतरली. तिथल्या लहान लहान मुली तिच्या भोवतीने माशांसारख्या फिरायच्या, तिच्या काठीखालून पक काढून न्यायच्या आणि खिदळायच्या. तिला रोज संध्याकाळी राग यायचा. मला त्या रागाचं बरं वाटायचं, कारण तो स्वतःच्या पायांवर होता, दुसऱ्या कुणावर नाही. प्रशिक्षिका तिला सकाळभर नुसतं थांबायला लावायची. धाव, थांब. धाव, थांब. पक नाहीच. एके दिवशी आमच्या मुलीच्या नाकावर काठी लागून रक्त आलं. मी धावले, तर तीच मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही पडाल, तिकडेच थांबा." मी पडलेच.

महिना संपता संपता तिथल्या मुलींचा आपसांत सामना झाला. आमची दुसऱ्या फळीत, म्हणजे पहिल्या दमल्या की उतरणाऱ्यांत. बराच वेळ तिला पक मिळालाच नाही. मग गोलसमोर झोंबाझोंबी झाली, पाच-सहा काठ्या, बर्फाचा चुरा उडतोय, कुणालाच काही दिसत नाही, आणि पक तिच्या नडगीला लागून आत गेला. इतका ओबडधोबड गोल मी कधी पाहिला नव्हता. ती दोन्ही हात वर करून ओरडली. प्रशिक्षिका माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐसे ही होते हैं इसके गोल. अच्छे दिखेंगे नहीं. होंगे बहुत."

त्यानंतरच्या चाचणीत ती राज्याच्या संघात आली. देशाच्या शिबिराला अजून बोलावलेलं नाही, आणि कदाचित बोलावणारही नाहीत. खोटी आशा मी तिला देत नाही. वेग अजूनही कमी आहे. पण राज्याचा संघ पहाडातल्या संघांकडून दणकून हरतो तेव्हा आपल्या बाजूने एखादा गोल लागलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा तिचा असतो.

जळगावला तिचा सत्कार झाला तेव्हा गंमत आली. मंगल कार्यालयाचे मालक भाषणात म्हणाले की या मुलीतली ताकद आम्ही पहिल्याच दिवशी ओळखली होती. व्यासपीठावर तिच्यासाठी खुर्चीच नव्हती, सगळ्या पाहुण्यांना पुरल्या. ती बाजूला उभी. सन्मानचिन्ह दिलं त्याच्यावर फुटबॉलला लाथ मारणारा माणूस होता, दुकानात दुसरं शिल्लक नसावं. आबा पहिल्या रांगेत बसून ते उलटसुलट करून बघत होते.

"बाई, हा कोन?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"मलाही ठाऊक नाही, आबा," मी म्हटलं. आम्ही दोघं तोंडाला रुमाल लावून हसलो.

आता ती कॉलेजात आहे. यंदाच्या हिवाळ्यात माझ्याशिवाय गेली. परवा शाळेत मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज तुटत होता. पहिल्या फळीत घेतलं होतं आणि एका सामन्यानंतर परत दुसऱ्या फळीत टाकलं, असं म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"काही नाही. उद्या बघते म्हटलं." मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

तोवर सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो आला होता. 'आपल्या संघटनेचा शोध.' खाली अंगठ्यांची रांग लागली होती. घंटा झाली. मी फोन पालथा ठेवला आणि सातवीच्या मुलींना घेऊन मैदानावर गेले.